हसनभाईच्या दुकानाचं सील

३ जुलै १९७२, सोमवार
मुख्याधिकाऱ्यांनी सकाळीच बोलावलं. टेबलावर नवीन परिपत्रक. मटणाच्या दुकानांबद्दल. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या लाद्या, सिमेंटची जमीन, दाराखिडक्यांना बारीक जाळी. पंधरा दिवसांत पूर्तता, नाहीतर दुकानाला सील. सोबत तपासणीचा फॉर्म, अकरा प्रश्नांचा. उभ्या उभ्या दोनदा वाचला. अकरा प्रश्नांत बोकड कुठेच नाही. जिवंत होता का, आजारी होता का, कुठून आणला, काही नाही. मटण जणू भिंतीतूनच निघतं.

म्हटलं, साहेब, जनावर कोणी तपासायचं? म्हणाले, ते गुरांच्या डॉक्टरांचं काम. म्हटलं, डॉक्टर महिनाभर चारा डेपोवर आहेत, दवाखान्याला कुलूप. म्हणाले, "मग आपण काय करणार? तुम्ही तुमच्या भिंती बघा."

गावात मटणाचं दुकान एकच. हसन मुलाण्याचं.

४ जुलै
हसनभाईकडे गेलो. मागच्या आवारात दगडावर बसून चहा पीत होता. समोर चार बोकड.

नऊ वर्षं या नोकरीत झाली, हा देखावा नऊ वर्षं बघतोय. बाजारातून आणलेला बोकड हा माणूस त्याच दिवशी कधी कापत नाही. रात्रभर आवारात बांधतो, पाणी, शेवरीचा पाला. पहाटे उठून नुसता बघत बसतो. बोकडाचा जबडा हलला, रवंथ सुरू झाला, की तो कापायला चालला. नाही हलला तर गिऱ्हाईक दारात ताटकळो, त्याला सोडून बाजूला बांधणार. "ज्यानं रवंथ केला न्हाई, त्येच्यावर सुरी न्हाई." बापाकडून आलेलं. बापाला त्याच्या बापाकडून.

मला जे काही कळतं ते ह्याच्याकडून. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पंचांग सांगितलं, मी मटणाची दुकानं तपासतो. धाकटे काका लोकांना सांगतात, "आरोग्य खात्यात आहे." पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून आलो होतो, तेव्हा हा हसला नव्हता. खुर्ची दिली आणि म्हणाला, "सायेब, आदी जित्तं बघायला शिका. मेलेलं मग आपसूक कळंल."

परिपत्रक वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, "लादीला ताप येतो का हो सायेब?"

परिपत्रक घडी करून खिशात घातलं.

७ जुलै
सिमेंट परमिटवर. हसनभाईला घेऊन तहसिलीत गेलो. कारकून म्हणाला, सिमेंट विहिरींना आणि दुष्काळी कामांना, मटणाचं दुकान यादीत बसत नाही. घरासाठी हवं म्हणून लिहा, मी बघतो.
हसनभाई : "घर न्हाई बांधायचं तर घर कसं लिवू?"
कारकून माझ्याकडे बघून हसला. असला खुळा कुठून आणलात, असं. अर्ज खरा लिहिला. आवक नंबर पडला. झालं, बसा आता.

एक कचेरी म्हणते सिमेंट घाल नाहीतर बंद करतो. शंभर पावलांवरची दुसरी म्हणते सिमेंट नाही. मधे हा माणूस. दोन्ही कचेऱ्यांत एकाच सरकारचा फोटो.

११ जुलै
हसनभाईने नगरहून जाळी आणली, स्वतः ठोकली. भिंतींना तीनदा चुना. दुकान लख्ख. आत पाच-सहा माश्या होत्या, त्यांना आता बाहेर जाता येईना, त्या जाळीवर आतून भणभणत होत्या. आम्ही दोघं बघत उभे. मी हसायला लागलो, तोही. मग मला राग आला आणि त्याला आला नाही, याचा आणखी राग.

फॉर्ममध्ये लिहिलं, "भिंती चुन्याने रंगविलेल्या, अत्यंत स्वच्छ." मु.अ.नी लाल पेन्सिलीने खोडलं. "लाद्या आहेत का? होय किंवा नाही लिहा. निबंध नको."
नाही लिहिलं.

१५ जुलै, शनिवार
पाऊस नाही. आभाळ नुसतं येऊन जातं. घोडेगावच्या बाजाराहून आलेले लोक सांगतात, जनावर कोणी विचारत नाही, चाराच नाही. जे उठून उभं राहत नाही ते आधी विकायला काढतात. म्हणजे जनावर बघण्याची खरी वेळ आत्ताच. आणि मी लाद्या मोजतोय. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

जेवताना बडबडत होतो. सौ. म्हणाली, "मटणासाठी एवढं डोकं फिरवून घेता. खात असतात तर एक वेळ समजलं असतं."

१९ जुलै, बुधवार
आज मी दुकानाला सील लावलं.

मीच. दुसरा कोणी नाही. फीत, लाख, पितळी शिक्का. वाऱ्याने काडी पेटेना. तीन काड्या विझल्या. शेवटी हसनभाईने हाताचा आडोसा धरला. त्याच्या आडोशाला मी लाख वितळवली आणि त्याच्याच दारावर शिक्का मारला.

त्याची बायको जैतुनबी आवाराच्या दारात उभी होती. म्हणाली, "सायेब, आखाड तोंडावर आला आन तुमी दार लावलं. लोक मटान खायाची ऱ्हात्यात व्हय? आता बिनबघितलेलं खात्याल."
मी म्हणालो, नियम आहे.
हे मी म्हणालो. स्वतःच्या तोंडाने.

टिपणी लिहिता आली असती. 'सदर दुकानदार प्रत्येक जनावर स्वतः पारखून घेतो, सील लावल्यास लोकांच्या प्रकृतीस धोका वाढेल.' एवढं एक वाक्य. मनात तयार होतं. लिहिलं नाही. मागच्या वर्षी एकाने असंच वाक्य लिहिलं, त्याला पार टोकाच्या गावी टाकलं. मुलीचं, रमाचं, मॅट्रिकचं वर्ष. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि मी भित्रा आहे हेही खरं.

२४ जुलै
एकादशी झाली, आखाड सुरू. दुकानाला सील आणि गावभर रश्श्याचा वास. कुठून? वस्त्यावस्त्यांवर वाटे. चार-सहा घरं मिळून एक बोकड पाडायचा, पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावायचे, घराला एक. जुनी रीत, त्यात वाईट काही नाही. पण बोकड कोणता? जो पडायच्या बेतात आहे तो. "मरून वाया जायच्या आदी."

मु.अ.ना सांगितलं. म्हणाले, "विक्री आहे का? नाही ना? मग दुकान नाही. दुकान नाही तर आपलं काम नाही. शिवाय वस्त्या आपल्या हद्दीबाहेर." आणि हात झटकले. त्यांची एक सवय आहे, बोलणं संपलं की टेबलावरची नसलेली धूळ झटकतात.

म्हणजे जो पारखून कापत होता तो बंद. जे न पारखता कापतात त्यांना रान मोकळं. याला आरोग्य विभाग म्हणायचं. पगार घेतो मी याचा!

२८ जुलै
रस्त्यात हसनभाई भेटला. सायकलच्या कॅरिअरला सुऱ्यांचं गाठोडं. वस्त्यांवरून बोलावणं आलं की जातो. मुलाण्याने सुरी फिरवायची, मुंडी आणि कातडं त्याचं, ही पण जुनी रीत.
विचारलं, रवंथ बघतोस का?
"दुसऱ्याच्या दारात मी कुटला मालक? जायाचं, फिरवायची. परवा एकाला न्हाई म्हनून माघारी फिरलो, तर त्येंनी दुसरा आनला. त्यो तर आंधळाच."
मान खाली घालून बोलत होता. माझ्यावर चिडला असता तर बरं वाटलं असतं.

३१ जुलै, सोमवार
संध्याकाळी हसनभाई घरी आला. ओट्यावर बसला, आत येईना. परवाची गोष्ट सांगितली. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो, पुढे लागेल.

"सोपानच्या वस्तीवर गेल्तो. बोकाड लटलट कापत हुता, मान खाली. म्या म्हनलं, ह्यो नको. सोपान म्हनला, दुकान बंद पडलं तरी ऐट जाईना व्हय? सात घरं भगुनी घेऊन बसल्यात. बायकांनी मसाला वाटलाय. मग फिरवली. रगत काळं, सायेब. पातळ. गोठंचना. मला तिथंच कळाया पायजे हुतं. पोट फाडलं तर कोठ्याजवळची पाणथरी फुगून ही एवढी, काळीठिक्कर, दाबली तर चिखल. सुरी खाली ठिवली. म्हनलं, पुरा. एक तुकडा उचलू नगा."

सोपान अंगावर आला. हा हटला नाही. सातही घरांच्या देखत खड्डा खणायला लावला, बोकड कातड्यासकट आत, वर चुना. सुऱ्या रॉकेलने जाळल्या. वस्तीवरच्या बायकांनी शिव्या घातल्या. मसाला वाया गेला म्हणून.

कोणीही खाल्लं नाही. सात घरं.

उठताना मनगट दाखवलं. बोकडाचं शिंग लागून ओरखडा गेला होता, तिथे पुटकुळी. खाजते म्हणाला. दुखत नाही.

२ ऑगस्ट
पुटकुळीचा फोड झालाय. भोवती सूज. माणसांच्या दवाखान्यातून मलम आणलं, जैतुनबीने हळद लावली. दुखत नाही, दुखत नाही, एकच पालुपद. मला का कोण जाणे, ते न दुखणंच आवडलं नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी बघितलं तर फोडाच्या मधोमध काळा खडा. कोळशासारखा. सूज कोपरापर्यंत. अंगात ताप.

सायकल काढली आणि सरळ चारा डेपो. गुरांचे डॉक्टर कडब्याच्या पेंढ्या मोजत होते. एवढा शिकलेला माणूस, पेंढ्या मोजतोय. सगळं सांगितलं : न गोठणारं रक्त, फुगलेली पाणथरी म्हणजे प्लीहा, मनगटाचा काळा खडा. हातातली वही खाली ठेवून ते उभेच राहिले. "जनावराला त्याला फाशी म्हणतात. अँथ्रॅक्स. माणसाला काळपुळी. आजच्या आज नगर. आत्ताची एस.टी. गाठा." मी निघालो तर मागून ओरडले, "तो बोकड उघडा टाकलाय की पुरलाय?" पुरलाय, वर चुना, म्हटलं. "कोणी सांगितलं?" म्हटलं, ज्याचा हात सुजलाय त्याने.

दुपारच्या गाडीने तिघं नगरला. हसनभाई खिडकीशी, हात मांडीवर, जसा दुसऱ्याचाच आहे. जैतुनबी माझ्याकडे पाठ करून बसली.

५ ऑगस्ट
नगर. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात लिहितोय. पेनिसिलीन सुरू. तिथले डॉक्टर चांगले, तरुण आहेत. म्हणाले, वेळेत आणलंत असं वाटतं, पण सूज दंडावर चढतेय, दोन दिवस काही सांगत नाही.

हसनभाई जागा होता. म्हणाला, "सायेब, येक सांगू? त्या बोकडानं रवंथ केला नव्हता. म्या बघितलं हुतं. जाऊन आदी तेच बघितलं."
पुढे म्हणाला, "माज्या आवारात आसता तर कापला नसता."

मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. कोणाचा गळा धरावा? परिपत्रक लिहिणाऱ्याचा? तो मुंबईत. मु.अ.चा? फीत कोणी बांधली? लाख कोणी लावली?

७ ऑगस्ट, सोमवार
कचेरीत हजर. मु.अ.नी अहवाल टाईप करूनच ठेवला होता. माझ्या सहीपुरती जागा. 'सीलबंद दुकानाचा परवानाधारक हसन मुलाणी याने बेकायदा कत्तल केल्याने रोगाचा प्रादुर्भाव. यावरून लाद्या, जाळी इत्यादी अटींची आवश्यकता सिद्ध होते. सदर इसमावर खटला भरण्याची शिफारस.'

वाचलं. पुन्हा वाचलं. कानशिलं तापली. म्हटलं, "साहेब, त्या वस्तीवर भिंतच नव्हती. लाद्या कुठे लावायच्या होत्या?"
"आवाज खाली."
"तुम्हीच म्हणालात, वाटे म्हणजे विक्री नाही, आपलं काम नाही. मग आज बेकायदा कशी झाली?"
"माणूस आजारी पडला की काम आपलं होतं. गुरुवारपर्यंत सही हवी."
टेबलावरची नसलेली धूळ झटकली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची मागे ढकलून उठलो. खुर्ची पडली. उचलली नाही. बाहेर आलो, आणि खोटं कशाला लिहू, थोडं बरं वाटलं.

८ ऑगस्ट
हसनभाईचा ताप तसाच. त्याच्याजवळ भावाला बसवून जैतुनबी सकाळच्या गाडीने कपडे न्यायला आली होती. कचेरीत आली, सगळ्यांसमोर माझ्या टेबलाशी उभी राहिली.
"सही करनार म्हनं तुमी."
म्हटलं, केली नाही.
"करा न्हाईतर नका करू. त्येनं त्येंच्या हाताची सूज उतरायची न्हाई. पर उद्या आवस. आखाडाचा शेवटचा दिस. धा वस्त्यांवर बोकडं पाडनार हायेत. आता न्हाई म्हनायला बी कोन न्हाई. मग?"
"मग" म्हणून थांबली. माझ्याकडे बघत. सगळी कचेरी माझ्याकडे बघत.

सील दुकानाच्या पुढच्या दाराला आहे. मागच्या आवाराला नाही. हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं. म्हटलं, जैतुनबी, आवार उघडं ठेवा. पाला आहे का? म्हणाली, पाला बघते मी.

दुपारी सायकलवर वस्त्या पालथ्या घातल्या. सगळ्यांना एकच : बोकड आज संध्याकाळी हसनच्या आवारात आणून बांधा. उद्या सकाळी बघून परत देतो. आपापल्या वस्तीवर न्या, वाटे घाला, मला काही म्हणायचं नाही. विक्री नाही, दुकान नाही, नियम मोडत नाही. मु.अ.चंच वाक्य माझ्या कामी लावलं.

लोक हसले. "तुमी बामन, सायेब. बोकाड काय वळखनार?" पण दिवेलागणीला सोपान आला. सगळ्यांत आधी. दावं धरून, मान खाली. "माजा ह्यो घ्या," म्हणाला. "न्हाई म्हनलात तर न्हाई." त्याच्यामागून बाकीचे. सहा वस्त्यांचे मिळून नऊ झाले. सगळे नाही आले. चार वस्त्यांवरचे नाहीच आले.

९ ऑगस्ट, बुधवार, अमावास्या
उजाडायच्या आत त्याच दगडावर बसलो. जैतुनबीने चहा आणून ठेवला. मुलाण्याच्या घरचा चहा, अमावास्येला, आमच्या काकांनी बघितलं असतं तर! प्यालो.

तांबडं फुटलं तसा पहिला जबडा हलला. मग दुसरा. सोपानचा तिसरा. डोळे मिटून, सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारखं. एवढं सुंदर काही मी कधी बघितलं नव्हतं, म्हणजे नऊ वर्षं बघत होतो आणि बघितलंच नव्हतं. आठ झाले. नववा, तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. पाल्याला तोंड लावलेलं नाही. उभा आहे, पण जबडा बंद.

आठ जणांना त्यांची दावी दिली. नवव्याचा मालक भांडायला उठला, "भला दांडगा हुभा हाय की! तुमी जल्मात मटान खाल्लं न्हाई, तुमाला काय कळतंय?"
म्हटलं, "काही कळत नाही. म्हणूनच सोडत नाही."
अंगावर आला असता. सोपानने त्याचा दंड धरला. "बस खाली. म्या आसाच भांडलो हुतो."
बसला.

दहा वाजता शिपाई दोन कागद घेऊन आला. एक मला : विनापरवानगी जनावरे गोळा करून पदाचा गैरवापर केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. दुसरा हसन मुलाणी यांस, तहसिलीतून : सिमेंटचा अर्ज नामंजूर. शिपाई म्हणाला, दुसऱ्यावर सही कोणाची घेऊ? जैतुनबीने अंगठा दिला आणि कागद चुलीकडे घेऊन गेली.

अहवालावर सही केली नाही. उद्या गुरुवार. उद्याही करणार नाही. त्याऐवजी स्वतःच्या हाताने दोन पानं लिहिली. काय झालं, कोणी काय सांगितलं, सात घरं कोणी वाचवली, दुकान कोणी बंद केलं. शेवटी माझं नाव. सोबत तो छापील फॉर्म जोडला, अकराव्या प्रश्नाखाली शाईने बारावा घातला : जनावराने सकाळी रवंथ केला का? होय / नाही. एक प्रत नगरला जिल्हा कचेरीत, एक गुरांच्या डॉक्टरांना. काय होईल? बदली होईल. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "ट्रंक काढून ठेवते." एवढंच. रागाने की कशाने, कळलं नाही.

न आलेल्या चार वस्त्यांवरून दुपारभर धूर दिसतोय. तिथे काय कापलं, कोणाला ठाऊक!

नगरहून निरोप नाही. उद्या पहाटेच्या एस.टी.ने जातोय. हसनभाई शुद्धीत असला तर सगळं ऐकून एकच विचारणार, नवव्याने रवंथ केला का, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून आत्ता, संध्याकाळी पाच वाजता, पुन्हा आवारात येऊन बसलोय. तांबड्याचा मालक समोर बसलाय. दोघांचीही नजर तांबड्याच्या जबड्यावर. बोकडाने एकदा मान हलवली. आम्ही दोघं पुढे वाकलो. माशी होती.